गाभ्यातले भोवरे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू तुझ्या कामाबद्दल बोल. पंधरा मिनिटं बोल. आणि कोणी झोपणार नाही असं बोल." पहिल्या दोन अटी मी पाळीन. तिसरी पाळायची होती तर जेवण माझ्या भाषणाआधी ठेवायला नको होतं.

माझं काम ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीचं. सरकारी मराठीत रोहित्र, आपल्या बोलण्यात डीपी. गावात लाइट गेली की सगळ्यात आधी शिव्या खाते ती वस्तू. शाळा सुटल्यावर मी आयटीआय केलं आणि तेव्हापासून जळलेल्या डीप्या उघडणं, आतल्या कॉइल बदलणं, तेल गाळणं आणि पुन्हा बांधून देणं एवढंच करत आलो. आज त्या डीपीच्या पोटातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. ती मी पहिल्यांदा याच शाळेत शिकलो. पुढे कामाच्या धांदलीत एकदा विसरलो, आणि त्या विसरण्याचं बिल दुसऱ्यांनी भरलं. म्हणून ती सांगायची.

आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटात जुन्या रेडिओतला एक छोटा ट्रान्सफॉर्मर होता, आठवतो? सरांनी तो उघडून दाखवला होता. आत लोखंडाचा ठोकळा असेल असं वाटलं होतं. निघाल्या इंग्रजी 'ई' अक्षराच्या आकाराच्या पातळ पट्ट्या, एकीवर एक रचलेल्या. मी विचारलं, "सर, इतका खटाटोप कशाला? एकच ठोकळा का नाही घातला?" सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन हजेरीच्या आधी म्हणाले, "काल मला त्याचं उत्तर येत नव्हतं. रात्री पुस्तक काढून वाचलं. आता सांगतो."

सर आज समोर बसले आहेत. त्यांना हे आठवत असेल की नाही, ठाऊक नाही. मला उत्तराइतकंच ते "येत नव्हतं" लक्षात राहिलं आहे. त्याकडे मी शेवटी येईन.

सरांनी आधी आम्हाला खाडीवर नेलं, म्हणजे बोलण्यातून. "ओहोटीला उघाडीपाशी पाणी बघितलंय ना? सगळं पाणी पुढे जात नाही. थोडं जागच्या जागी गरगरतं. भोवरा. त्या पाण्याने ना शेत भिजतं, ना होडी पुढे जाते. नुसती ताकद वाया. लोखंडाच्या ठोकळ्यात वीज अशीच गरगरते." इंग्रजीत त्याला एडी करंट म्हणतात. आपण भोवरा-प्रवाह म्हणू. फ्रान्समधल्या फूको नावाच्या शास्त्रज्ञाने १८५५ साली, चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवली की ती फिरवायला जास्त जोर लागतो आणि चकती तापते, हे दाखवून दिलं. म्हणून काही पुस्तकांत त्याला फूको प्रवाह असंही नाव आहे.

सांगण्यापेक्षा दाखवतो. हा एसीवाल्याकडून आणलेला तांब्याचा पाइप, अर्ध्या मीटरचा. हा छोटा पण दमदार लोहचुंबक. तांब्याला चुंबक चिकटत नाही, हे बघा, नाहीच चिकटत. आता हा साधा खिळा पाइपमधून सोडतो. टक्क. अर्धा मीटर मोकळं पडायला सेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो. आता चुंबक सोडतो. मोजा सगळ्यांनी. एक... दोन... तीन... आला. पाइपला तो कुठेही घासला नाही. मग अडवलं कोणी?

चुंबक खाली सरकतो तेव्हा पाइपच्या प्रत्येक गोलाईतलं चुंबकत्व बदलतं. बदलत्या चुंबकत्वाजवळ धातू असला की धातूत वीज वाहायला लागते, हा फॅरडेचा १८३१ चा शोध. पाइपच्या अंगात गोल गोल वीज फिरते, ती चुंबकाला मागे धरते, आणि त्या झटापटीत पाइप किंचित तापतो. आता हा दुसरा पाइप. लांबी तीच, तांबं तेच, फक्त मी करवतीने वरपासून खालपर्यंत एक चीर पाडली आहे. सोडतो. बघा, किती लवकर आला! वीज गोल फिरायला निघाली, पण वाटेत चीर आली. वेढा पूर्ण होईना. छोटे भोवरे राहिले, मोठा मोडला.

माझ्या धंद्यातलं अर्धं शास्त्र या चिरेत आहे.

आता डीपी. तिच्यात दोन कॉइल असतात आणि दोन्हींच्या मधून लोखंडाचा गाभा जातो. एका कॉइलमध्ये वीज सोडली की गाभा चुंबक होतो, आणि ते चुंबकत्व दुसऱ्या कॉइलमध्ये वीज उभी करतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेरे. गाभ्यातल्या चुंबकत्वाची दिशा सेकंदात १०० वेळा उलटते. दुसऱ्या कॉइलमध्ये त्यामुळे वीज तयार होते ती आपल्याला हवीच असते. पण गाभ्याचं लोखंडही धातूच आहे. त्याला कोण सांगणार, की ही वीज तुझ्यासाठी नाही म्हणून? गाभा स्वतःच एका वेढ्याची कॉइल बनतो, तीही शॉर्ट केलेली. भरीव ठोकळा घातला तर तो काही वेळातच इतका तापेल की तेल उकळायला लागेल. घरातली इंडक्शनची शेगडी नेमकी हेच करते. तिथे पातेल्याच्या बुडात भोवरे उठवून आपण चहा करतो. शेगडीवर जे मुद्दाम करायचं, ते डीपीत टाळायचं.

टाळायचं कसं, ते मी पेणच्या लोकांना सांगायची गरज नाही. पापडाच्या पिठाचा एक गोळा घ्या आणि शेजारी तेवढ्याच पिठाच्या पापडांची चवड ठेवा. पीठ तेवढंच आहे. पण चवडीत प्रत्येक पापड वेगळा, मध्ये पिठी भुरभुरलेली. ट्रान्सफॉर्मरचा गाभा म्हणजे पोलादी पापडांची चवड. प्रत्येक पत्र्यावर काचेसारख्या पदार्थाचा अगदी पातळ थर असतो, तो वीज पलीकडच्या पत्र्यात जाऊ देत नाही. चुंबकत्व पत्र्याच्या लांबीने सुखाने वाहतं. विजेला मात्र गरगरायला रुंद जागा मिळत नाही.

किती फरक पडतो? समजा एका जाड ठोकळ्याचे दहा सारखे पत्रे केले. एका पत्र्यात वेढा अरुंद झाला, म्हणून त्यातला व्होल्टेज दहावा हिस्सा. वाट बारीक झाली, म्हणून तिचा रोध दहापट. नुकसान म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. तेव्हा एका पत्र्यातलं नुकसान ठोकळ्याच्या हजाराव्या हिश्शावर आलं. पत्रे दहा आहेत, म्हणजे एकूण नुकसान शंभराव्या हिश्शावर. दहा पत्र्यांत शंभरपट बचत! जाडी निम्मी केली की भोवऱ्यांचं नुकसान पाव होतं. म्हणून डीपीतला पत्रा ०.२७ मिलिमीटर, ०.२३ मिलिमीटर इतका पातळ असतो.

आणि तो कुठलाही पत्रा नसतो. वडखळ नाक्यावर उभं राहिलं की डोलवीच्या कारखान्यातून पोलादाच्या प्रचंड गुंडाळ्या लादलेले ट्रेलर जाताना आपण रोज बघतो. ते साधं पोलाद, ते डीपीत चालत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या पोलादात साधारण तीन टक्के सिलिकॉन घालतात. शुद्ध लोखंडापेक्षा त्याचा रोध चार-पाचपट होतो आणि भोवरे आणखी मंदावतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या रॉबर्ट हॅडफिल्डने हे पोलाद वापरात आणलं. मग १९३४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन गॉसने पत्रा अशा रीतीने लाटायची आणि भाजायची पद्धत शोधली, की पोलादातले सगळे कण एकाच दिशेला तोंड करून बसतात. त्याला आम्ही सीआरजीओ म्हणतो. आपल्या देशात ते बनवणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक आपल्याच महाराष्ट्रात, नाशिक जिल्ह्यात आहे, आणि तो विकत घ्यायचा करार २०२४ मध्ये केला तो डोलवीच्याच जेएसडब्ल्यूने, जपानच्या जेएफई कंपनीला सोबत घेऊन. म्हणजे नाक्यावरच्या ट्रेलरचं आणि डीपीच्या पोटातल्या पत्र्याचं आता घराणं एक झालं. आपल्या मुलांपैकी कोणी डोलवीत कामाला असेल, तर त्याला हा पत्रा कसा होतो ते जरूर विचारा.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं करून नुकसान संपलं असेल. नाही संपत, कमी होतं. आणि माझ्या भाषणाचा मुद्दा इथून सुरू होतो.

डीपीत दोन प्रकारची वीज वाया जाते. एक कॉइलच्या तारांत, तिला कॉपर लॉस म्हणतात. ती लोडवर अवलंबून. लोड निम्मा झाला की ती पाव होते, लोड नसला की जवळजवळ शून्य. दुसरी गाभ्यात, तिला आयर्न लॉस म्हणतात. तिचे दोन वाटेकरी: एक भोवरे, आणि दुसरा म्हणजे लोखंडातलं चुंबकत्व सेकंदात शंभरदा उलटंपालटं करायला लागणारे कष्ट, ज्याला हिस्टेरिसिस म्हणतात. ही दुसरी वीज लोड असो नसो, जातच राहते. गणपतीच्या आधी हमरापूर-जोह्याकडे कारखाने रात्र रात्र चालतात, दिवे, मशिनं, सगळं चालू. विसर्जन झालं की सामसूम. त्या डीपीतला कॉपर लॉस उतरतो. आयर्न लॉस होता तसाच. गाव झोपतं, डीपी झोपत नाही.

रात्री डीपीखालून जाताना जो घुमल्यासारखा आवाज येतो, तो भोवऱ्यांचा नाही बरं का. चुंबकत्व बदलताना पोलाद अगदी सूक्ष्म लांबतं-आखडतं, सेकंदाला शंभर वेळा. त्याची ती गुणगुण. पण ती ऐकू आली की समजावं, गाभा जागा आहे आणि मीटर नसलेलं एक खातं चालू आहे.

ते खातं केवढं? आकडे देतो. खेड्यापाड्यात सर्रास दिसणारी, ११ केव्हीवर चालणारी १०० केव्हीएची डीपी घ्या. बरीच वर्षं तिच्यासाठी ठरलेला आयर्न लॉस होता २६० वॉट, आणि पूर्ण लोडला कॉपर लॉस १,७६० वॉट. ऐकताना २६० लहान वाटतो. चार पंखे म्हणा. पण वर्षात ८,७६० तास. २६० वॉट गुणिले ८,७६० तास, म्हणजे वर्षाला सुमारे २,२८० युनिट. महिन्याला शंभर युनिट वापरणारी जवळजवळ दोन घरं वर्षभर चालतील, एवढी वीज एका डीपीचा गाभा नुसता जागा राहण्यात घालवतो. १,७६० चा आकडा मोठा आहे, पण तो क्वचित कधी पूर्ण लागतो. २६० चा आकडा लहान आहे, पण त्याला सुट्टी नाही.

मग ट्रान्सफॉर्मर हवाच कशाला? कारण त्याशिवाय वीज दूर जात नाही. याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या वीजगृहातून वीज निघाली ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. मग १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. घाटाखाली तयार झालेली वीज मुंबईपर्यंत न्यायची तर व्होल्टेज चढवावा लागतो, म्हणजे करंट कमी होतो आणि तारांत वीज कमी जळते. मुंबईत पोचल्यावर व्होल्टेज पुन्हा उतरवावा लागतो. चढवायला ट्रान्सफॉर्मर, उतरवायला ट्रान्सफॉर्मर. आज आपल्या घरातला दिवा लागतो तोवर वीज अशा कितीतरी गाभ्यांमधून गेलेली असते. प्रत्येक गाभा आपला टोल घेतो. आपल्या हातात एवढंच, की टोल वाजवी राहील हे पाहणं.

आता माझी गोष्ट. नुकताच कामाला लागलो होतो. वर्कशॉपचं नाव घेत नाही. पावसाळ्यात वीज पडून जळालेली १०० केव्हीएची एक डीपी आली. कॉइल बदलायच्या तर गाभ्याचा वरचा आडवा भाग, आम्ही त्याला योक म्हणतो, पत्रा पत्रा करून उपसावा लागतो. नवीन कॉइल बसवून ते पत्रे पुन्हा एकेक विणल्यासारखे घालायचे. दिवसभराचं किचकट काम. माझ्यावर ते सोपवलं होतं आणि संध्याकाळी गाडी यायची होती. पत्रे बसेनात, म्हणून मी हातोडीने ठोकले. काही वाकले, ते तसेच घातले. कडा खरवडल्या गेल्या. आणि शेवटी तेरा-चौदा पत्रे हातात उरले. मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "उरले तर उरू देत. चालतंय ना?"

चालत होतं. मेगर लावला, ठीक. व्होल्टेजचं प्रमाण, ठीक. तेल, ठीक. डीपी नेहमीपेक्षा जरा मोठ्याने घुमत होती, पण गाडी आली आणि डीपी गेली. कुठल्या तरी गावात लाइट आली. लोकांनी नारळ फोडला असेल. उरलेल्या पत्र्यांपैकी एक मी रेघा मारायला पट्टी म्हणून ठेवून दिला, सरळ आणि पातळ होता म्हणून.

सहा वर्षांनी मी दुसऱ्या ठिकाणी काम करत होतो. तिथे डीपी दुरुस्त झाली की नो-लोड टेस्ट करायचीच, असा शिरस्ता होता. म्हणजे कमी दाबाच्या बाजूने नेमका व्होल्टेज द्यायचा, दुसरी बाजू उघडी ठेवायची आणि वॉटमीटरवर वाचायचं, गाभा नुसता जागा राहायला किती वॉट खातो ते. सांभाळून करायची टेस्ट आहे ही. उघड्या बाजूला तेव्हा पूर्ण ११,००० व्होल्ट असतात, म्हणून जाळीच्या आतच. एक दिवस तेल गळतं म्हणून एक डीपी आली. टाकी उघडली तर योकच्या पट्टीवर माझाच पंच मारलेला. तीच. वॉटमीटर लावला, ३९० वॉट.

२६० ची डीपी ३९० खात होती. का, ते आता मला समजत होतं. पत्रे कमी घातले, म्हणून उरलेल्या पोलादावर चुंबकत्वाची गर्दी झाली. ठोकून वाकवलेल्या पत्र्यातल्या त्या एका दिशेला बसवलेल्या कणांची घडी विस्कटली. हा ताण जावा म्हणून कारखान्यात कापलेले पत्रे ८०० अंशांच्या आसपास भाजून काढतात, आणि मी तो हातोडीने परत भरला होता. खरवडलेल्या कडांनी शेजारचे पत्रे एकमेकांना टेकले. पापडांची पिठी पुसली गेली आणि पुन्हा गोळा व्हायला लागला. बाजूला भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्या मागे मी हिशेब केला. जादा १३० वॉट, गुणिले ८,७६० तास, वर्षाला सुमारे १,१४० युनिट. सहा वर्षांत ६,८०० च्या वर. कोणाच्याही मीटरवर ते दिसले नाहीत. तक्रार आली नाही. लाइट तर चालू होती.

मी मालकांकडे गेलो. म्हणालो, "हे काम माझंच आहे." पुढे काय बोलायचं ते मला सुचेना. त्यांनी एवढंच विचारलं, "किती पत्रे कमी घातले होते?" मी म्हणालो, "तेरा-चौदा." ते म्हणाले, "मग आता तेवढे शोधून आण." दोन दिवस लागले. वाकलेले बदलले, कमी असलेले भरले, कडांची धार काढली, गाभ्यातून जाणाऱ्या बोल्टांच्या इन्सुलेशनच्या नळ्या नव्या घातल्या, गाभ्याचं अर्थिंग एकाच जागी आहे ना ते पाहिलं, कारण दोन जागी झालं तर तोही एक वेढाच. पुन्हा वॉटमीटर लावला. २७५. पहिल्या २६० वर तो कधीच आला नाही. एकदा दुखावलेला पत्रा पूर्ण बरा होत नाही.

मित्रहो, त्यानंतर मी नो-लोडचा आकडा लिहिल्याशिवाय एकही डीपी बाहेर सोडलेली नाही. आणि आज तुमच्याकडे मागणं आहे ते तेवढंच. आपल्यातले काही ग्रामपंचायतीत आहेत. कोणाची पोह्याची गिरणी आहे, कोणाचा बर्फाचा कारखाना, कोणाची खडी क्रशर. ज्यांचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे आणि मीटर हाय टेन्शन बाजूला आहे, त्यांच्या बिलात गाभ्याचं हे नुकसान रोज धरलेलं असतं. मीटर ट्रान्सफॉर्मरच्या आधी आहे ना! बाकीच्यांचं नुकसान शेवटी सगळ्यांच्या दरात मिसळतं.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा. दुरुस्तीला दिला तर कामाच्या कागदावर लिहून घ्या: दुरुस्तीआधी नो-लोड किती वॉट, नंतर किती. कॉइलच जळाल्या असतील तर आधीचा आकडा मिळणार नाही, मग मूळ चाचणीच्या कागदाशी ताडा. "चालतंय" हे उत्तर घेऊ नका.

नवीन घेताना नुसती किंमत पाहू नका. १०० केव्हीएच्या जुन्या डीपीत अर्ध्या लोडवर एकूण ७०० वॉट जायचे. २०१४ च्या आयएस ११८० मानकात तीच मर्यादा पहिल्या पातळीला ५२० आणि तिसऱ्या पातळीला ४३५ वॉट आहे. किंमत एकदा द्यायची असते, वॉट पंचवीस वर्षं द्यायचे असतात. गाभ्याला आता अमॉर्फस पट्टीही वापरतात, ०.०२५ मिलिमीटरची, कागदाहून पातळ. तिच्यात गाभ्याचं नुकसान साधारण तिसऱ्या हिश्शावर येतं.

तिसरं, वायरिंग करणाऱ्यांसाठी. जाड सिंगल कोअर केबल लोखंडी पत्र्यातून नेताना प्रत्येक फेजला वेगळं भोक पाडू नका. भोकाभोवतीच्या लोखंडात भोवरे उठतात आणि पत्रा भाजण्याइतका तापतो. तिथे अॅल्युमिनियमची प्लेट लावा, नाहीतर तिन्ही फेज एकाच भोकातून न्या.

चौथं, हे ऐकून उत्साहाच्या भरात पावसाळ्यात ट्रान्सफॉर्मर महिना महिना बंद ठेवू नका. आपल्या खाऱ्या, दमट हवेत गार पडलेली टाकी ओल ओढून घेते आणि तेल बिघडतं. बंद ठेवायचाच तर श्वास घेण्याच्या डबीतलं सिलिका जेल निळं आहे की गुलाबी झालंय ते बघत राहा, आणि चालू करण्याआधी तेल तपासा. गाव पुरवणाऱ्या डीपीला तर हातच लावू नका. तो अधिकार लाइनमनचा.

आता शेवटचं. घरी ज्यांच्याकडे जुना, चकती फिरणारा मीटर होता, त्यांना ती अॅल्युमिनियमची चकती आठवत असेल. लोड वाढला की ती भरभर फिरायची. तिला फिरवायचे भोवरा-प्रवाहच, आणि बेताने धरून ठेवायला शेजारी एक चुंबक असायचा, तोही चकतीत भोवरेच उठवायचा. म्हणजे जी वीज आपण वाया जाते म्हणतो, तिनेच इतकी वर्षं आपला हिशेब ठेवला. भोवऱ्याचा दोष नसतो. तो कुठे आहे आणि किती आहे, हे आपण मोजलं की नाही, एवढाच प्रश्न असतो.

सर, तुम्ही त्या दिवशी "मला येत नव्हतं" म्हणालात, त्याने तुमचं काही कमी झालं नाही. उलट आम्हाला उत्तर मिळालं. मालकांच्या दारात उभा होतो तेव्हा मला तुमची ती सकाळ आठवली होती. नाहीतर माझा पंच मी कानशीने घासून टाकला असता. तेवढं मला सहज जमलं असतं.

हा तो उरलेला पत्रा. इतकी वर्षं पट्टी म्हणून वापरला, म्हणून कडेला थोडा झिजला आहे. हातोहात फिरवा, पण जपून, धार आहे. सगळ्यांचा बघून झाला की तो सरांकडे द्या. प्रयोगशाळेच्या कपाटात रेडिओतला तो ट्रान्सफॉर्मर अजून असला, तर त्याच्या शेजारी ठेवता येईल. एखादी मुलगी विचारेल, हा एकच पत्रा इथे कसा? तेव्हा तिला सांगा, हा जिथे असायला हवा होता तिथे सहा वर्षं नव्हता.